डाव्या मागच्या चाकातली हवा

१

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग उचलून नेल्यावर एक पत्र्याची शेड बरीच वर्षं रिकामी पडली होती. ती बिरुदेवने घेतली आणि तिथं गाड्यांची जुनी चाकं नवी करून द्यायचं काम सुरू केलं. बिरुदेव आणि त्याची बायको सुकन्या दोघंही सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. भावकीतलं कुणी मोटारीची चाकं उजळवून पोट भरेल असं त्यांच्याकडं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण सोलापुरातल्या हौशी गाडीवाल्यांत या नवराबायकोचं नाव झालं होतं, आणि गुलबर्ग्याकडूनही कुणी कुणी त्यांना शोधत यायचं.

पाना, जॅक, टायर उतरवणं, पुन्हा जोडणं हे सगळं बिरुदेवचं. बफवर, म्हणजे चकाकी आणायच्या यंत्रावर, मात्र हात सुकन्याचा. काळवंडलेल्या रिमची कड ती बफच्या फिरत्या कापडावर धरायची आणि दिवाळीच्या ताटासारखी लखलखीत करून ठेवायची. काम करताना ती रिमांशी बोलायची. कुणी दगडाला घासून खरवडून आणलेली रिम दिसली की हळहळायची, "कुणी गं तुला असं केलं," म्हणायची. बिरुदेव त्यावरून तिला चिडवायचा, पण ती आजारी पडून घरी राहिली की त्याला शेडमध्ये करमायचं नाही.

काही जुन्या भारी गाड्यांची चाकं एकसंध नसतात. बाहेरची कड, आतलं पिंप आणि मधली जाळी असे वेगळे भाग असतात आणि गोलाकार बसवलेल्या बोल्टांनी ते एकमेकांना आवळलेले असतात. असं चाक आलं की बिरुदेव एक नियम कधी मोडायचा नाही. टायरमधली सगळी हवा गेल्याशिवाय त्या बोल्टांना पाना लावायचा नाही. आत हवा असताना बोल्ट सुटले तर लोखंड तोफेच्या गोळ्यासारखं अंगावर येतं.

आजूबाजूच्या शेडमधून मागांची खटखट दिवसभर चालायची. तिची इतकी सवय झाली होती की ती बंद पडली तरच लक्षात यायची. माग नेले तरी त्यांच्या शेडमधली कापसाची रुई मात्र गेली नव्हती. छताच्या लोखंडी कैच्यांवर ती थरावर थर साठलेली होती, आणि पंखा लावला की तिचे बारीक तंतू उन्हात तरंगत खाली उतरायचे. सुकन्याच्या केसांत दिवसभर पांढरं काहीतरी अडकलेलं असायचं.

२

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका ट्रकवरून लाल रंगाची, दोनच सीटांची एक जुनी परदेशी गाडी शेडसमोर उतरली. ट्रकच्या केबिनमधून एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. इरकली लुगडं, कपाळाला विभूती, आणि मुठीत घट्ट धरलेली गाडीची किल्ली. त्यांचं नाव ईरम्मा. बोलताना मराठीत मधूनच कानडी यायचं. बिरुदेवला त्या पहिल्याच वाक्यात तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणाल्या, आणि सुकन्या त्यांना आपसूक अव्वा, म्हणजे आई, म्हणू लागली.

गाडी त्यांच्या नवऱ्याची, शरणबसवांची. त्यांचा चादरींचा कारखाना होता, पण जीव सगळा या गाडीत. कारखान्यातून आले की बाह्या दुमडून गाडीखाली शिरायचे. ईरम्मांना गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं, याच गाडीवर, होटगी रोडला. लुगडं नेसलेली बाई लाल गाडी हाणत निघाली की पेठेतल्या बायका गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या. हे सांगताना ईरम्मा तोंडाला पदर लावून हसल्या. शरणबसव गेल्यावर गाडी बरीच वर्षं गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली होती. डोळे शाबूत आहेत तोवर एकदा ती आपल्या हाताने चालवावी, एवढीच आता त्यांची इच्छा होती. इंजिन एका ओळखीच्या मेस्त्रीने चालू करून दिलं होतं. चाकांचं काम मात्र नीट जाणणाऱ्याकडं द्यायचं म्हणून त्या इथवर आल्या होत्या.

बिरुदेव गाडीभोवती फिरला. तीन टायर पार बसलेले होते, रिमा जमिनीला टेकल्या होत्या. डाव्या बाजूच्या मागच्या चाकाला त्याने अंगठा दाबून पाहिला. ते टणक होतं, सकाळीच हवा भरल्यासारखं. त्याने विचारलं, हे मेस्त्रीने भरलं का? ईरम्मा नाही म्हणाल्या. त्या चाकाला शरणबसवांनी शेवटची हवा भरली होती, त्यानंतर कुणी हात लावला नव्हता.

इतकी वर्षं कुठल्याच टायरमध्ये हवा टिकत नाही, हे बिरुदेवला ठाऊक होतं. पण म्हातारीच्या मनाला लागेल म्हणून त्याने मान डोलावली. ट्रकमध्ये परत चढताना ईरम्मा थांबल्या.

"तम्मा, त्या चाकातली हवा एकदम सोडू नको. हळू सोड. ह्यांच्या हातची आहे ती."

३

बसलेल्या तीन चाकांचं काम सुरळीत झालं. टायर उतरले, बोल्ट निघाले, सांध्यांतलं वाळून कडक झालेलं जुनं सीलंट बिरुदेवने खरवडून काढलं, आणि सुकन्याने कडा अशा उजळवल्या की त्यांत तिला आपलं कुंकू दिसायला लागलं. मग चौथ्या चाकाची पाळी आली.

बिरुदेवने ते गाडीवरून काढलं आणि एका जुन्या लाकडी खोक्यावर आडवं ठेवलं. व्हॉल्व्हची टोपी काढली, आतली पिन अगदी थोडी सैल केली. हवा सूं करत बाहेर यायला लागली. म्हातारीला शब्द दिल्यासारखा तो हळूहळूच पिन फिरवत राहिला. हवा येत राहिली. त्याने हात धुतले, चहा घेतला, एका गिऱ्हाइकाशी फोनवर बोलला. हवा येतच होती. शेवटी त्याने पिन पूर्ण काढून हातात घेतली आणि टायर दाबून पाहिला. तो पहिल्याइतकाच टणक होता.

त्याच वेळी एमआयडीसीची लाईट गेली. सगळीकडचे माग एकदम थांबले, पंख्याची पाती फिरत फिरत थबकली, आणि शेडमध्ये इतकी शांतता झाली की पत्रा उन्हाने तडकतो तेसुद्धा ऐकू यायला लागलं. बफपाशी बसलेल्या सुकन्याने मान वर केली.

चाकातून आवाज येत होता. सूं असा सरळ नव्हता तो. बाहेर यायचा, लांबायचा, थांबायचा. मग पुन्हा, वेगळ्या सुरात.

वरून उतरणारा रुईचा एक तंतू व्हॉल्व्हच्या तोंडाशी तरंगत होता. तो दूर ढकलला गेला. क्षणभर तिथंच अधांतरी थांबला. आणि मग सावकाश, तितक्याच अंतराने, व्हॉल्व्हकडं परत आला. पुन्हा दूर. पुन्हा जवळ.

दोघंही बराच वेळ ते बघत राहिले. लाईट आली, माग खडखडायला लागले, पंखा फिरला आणि तंतू कुठं गेला ते कळलं नाही.

४

बिरुदेवने स्वतःला समजावलं. पत्रा तापला की आतली हवा फुगते, जरा वारा आला की आकसते, त्यात नवल ते काय. त्याने चाकावर गार पाणी ओतलं, ओलं पोतं झाकलं, पंखा बंद ठेवून पाहिला. चाकाची लय बदलली नाही. दिवस कलला, शेडमध्ये कोमट वारा यायला लागला, तरी तीच. उघड्या भोकाचा टायर भरलेलाच राहिला. नियमाप्रमाणे त्याला पानाही लावता येईना. ते चाक कोपऱ्यात सरकवून त्याने दुसरी कामं हातात घेतली.

सुकन्याला भीती कशी ती वाटली नाही. लहानपणी तिने वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या रानातल्या तळावर, कळपात झोपून रात्री काढल्या होत्या. अंधारात चहूबाजूंनी श्वास ऐकू येणं तिला घरच्यासारखं होतं. ती त्या चाकाला आजोबा म्हणायला लागली. सकाळी आली की, "झोप झाली का," म्हणून विचारायची. आपलं स्टूल तिने त्याच्या शेजारी नेलं. तिथं गार लागतं म्हणाली, आणि खरंच लागत होतं. बाहेर डांबर पातळ होत असताना त्या कोपऱ्यात माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं.

बिरुदेवला तिचं तिथं बसणं आवडेना. ती पूर्वी काम करताना सारखी बोलायची, गुणगुणायची. आता ती गप्प आणि मजेत असायची. हातातलं काम सुरेख व्हायचं, चेहरा शांत असायचा, आणि मधूनच ती हात थांबवून ऐकत राहायची. तिला काही होत नव्हतं, तब्येत उलट सुधारल्यासारखी दिसत होती. मग तक्रार करायची ती कशाची?

५

एका दुपारी जेवण झाल्यावर सुकन्या सतरंजी टाकून त्या चाकाजवळच आडवी झाली. बिरुदेव पलीकडच्या भिंतीला टेकून बसला होता. लाईट गेलेली होती. मागांचा आवाज नाही. ऊन दारातून आत आलं होतं आणि त्या उजेडात रुईचे तंतू हलत होते.

तो ते बघत होता आणि सहज त्याची नजर बायकोकडं गेली. तिची छाती वर झाली तेव्हा तंतू व्हॉल्व्हकडं आले. खाली गेली तेव्हा लांब गेले. तिने बारीकसं थांबून पुढचा श्वास घेतला. तंतूही थांबून मग वळले.

पंधरा-वीस वेळा त्याने ते पाहिलं. मग उठला. ती आणि चाक एका जागी बराच वेळ असली की असं जुळून येत असेल, असं तो मनाशी म्हणत होता. आवाज न करता तो चाकाजवळ बसला आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर अंगठा ठेवला.

आतून अंगठा ओढला गेला. जोरात नाही. दात न फुटलेलं कोकरू बोट चोखतं, तसा.

सुकन्याची छाती हलायची थांबली.

तो तिच्याकडं बघत राहिला. तिच्या चेहऱ्यावर त्रास नव्हता. ओठ जरा उघडे होते. दारात एक चिमणी येऊन बसली आणि उडाली. तिच्या गळ्यावर शीर ताठ झाली आणि झोपेतच तिचा हात उचलला जाऊन हवेत काहीतरी चाचपायला लागला. बिरुदेवने अंगठा झटकन काढला. व्हॉल्व्हने लांबलचक हवा ओढली, तशी तिनेही ओढली, आणि कुशीवर वळून ती परत झोपली.

त्याने पुन्हा करून पाहिलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

संध्याकाळी तिला न सांगता त्याने चाक उचलून शेडमागच्या लिंबाखाली ठेवलं. घरी जाईपर्यंत सुकन्याला धाप लागली. चाक शेडमध्ये तिच्या स्टुलापाशी असायचं तेव्हा घरी तिला असं कधी झालं नव्हतं. जिना चढताना ती दोनदा बसली. "आज लई दम लागतुया," एवढंच म्हणाली आणि लवकर झोपली. दुसऱ्या दिवशी शेडवर आल्या आल्या बिरुदेवने चाक आत आणून तिच्या स्टुलाशेजारी ठेवलं. थोड्या वेळाने तिचा चेहरा निवळला. तिने त्याला विचारलंही नाही की चाक बाहेर कसं गेलं.

६

ईरम्मा पेठेतल्या जुन्या घरात खालच्या खोल्यांत एकट्या राहत होत्या. बिरुदेव दुपारी त्यांच्याकडं गेला. त्यांनी त्याला पाणी दिलं, शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढं केली. त्याने सगळं सांगितलं. आपण वेडे ठरू याची त्याला लाज वाटत होती, पण अंगठ्याची गोष्टसुद्धा त्याने लपवली नाही.

शेवटी ईरम्मांनी विचारलं, "तिला त्रास होतो का रे?"

"न्हाय अव्वा. झोपंत हसती ती."

त्यांनी डोळे पुसले. मग त्या बोलू लागल्या. शरणबसवांची छाती कारखान्यातल्या रुईने गेली होती. शेवटच्या दिवसांत त्यांना एकट्याला श्वास घेताच यायचा नाही, मधेच अडकायचा आणि ते घाबरून जायचे. मग ईरम्मा त्यांच्याजवळ निजायच्या, त्यांचा हात आपल्या छातीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, माझ्याबरोबर घ्या. मी घेते तेव्हा घ्या, मी सोडते तेव्हा सोडा. तसे ते तासन्तास राहायचे. एकदा डॉक्टरांनी येऊन पाहिलं तेव्हा दोघांचा श्वास एकच चालला होता.

"वाईट माणूस नव्हते ते, तम्मा. कुणाचं काही घेणारे नव्हते. त्यांना फक्त सोबत लागायची."

बिरुदेव म्हणाला की त्यांना सोबत लागत असेल, पण सुकन्या माझी आहे. हे तो इतक्या हळू बोलला की त्याला वाटलं ईरम्मांना ऐकू गेलं नसेल. पण त्यांनी उठून कोनाड्यातली गाडीची किल्ली घेतली, लुगड्याच्या ओच्यात खोवली आणि पायात चपला सरकवल्या.

७

शेडमध्ये सुकन्या स्टुलावर बसून तिसऱ्या चाकाच्या जाळीवर हात फिरवत होती. ईरम्मा तिच्याजवळ गेल्या, तिचे दोन्ही हात धरले आणि सगळं सरळ सांगून टाकलं. बिरुदेवला वाटलं ती किंचाळेल. पण तिने नुसती चाकाकडं नजर टाकली आणि म्हणाली की तिला वाटलंच होतं. आत कुणीतरी फार दमलेलं आहे असं तिला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

ईरम्मांनी स्टूल पुढं ओढलं आणि त्या चाकाशेजारी बसल्या. तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा त्यांनी टायरवर हात ठेवला. बराच वेळ त्या कानडीत काहीतरी बोलत राहिल्या. घरातलंच बोलणं असावं, कारण मधेच त्या रागावल्या आणि मधेच हसल्या. बिरुदेवला अर्धंमुर्धं कळत होतं. गाडी आता मी चालवीन, असं काहीतरी. मग त्या वाकल्या आणि व्हॉल्व्हच्या अगदी तोंडाशी म्हणाल्या,

"साकु री. बिडरी."

पुरे झालं, सोडा आता. एवढं त्याला कळलं.

चाकाने श्वास सोडायला सुरुवात केली. दारातल्या उन्हातली रुई एकदम मागं सरकली. वरच्या कैच्यांवरचे थर हलले, तंतूंचा एक पडदाच खाली आला आणि पांढऱ्या पट्ट्यासारखा दाराबाहेर निघाला. टायर बघता बघता मऊ पडायला लागला. बिरुदेवच्या मनात आनंद उमटतो न उमटतो तोच त्याचं लक्ष सुकन्याकडं गेलं.

ती पण श्वास सोडत होती. तिचे खांदे खाली आले, पोट आत गेलं, आणि तरी ती सोडतच होती. माणसात इतकी हवा नसते. तिच्या हातातली जाळी खाली पडली. बिरुदेवने तिला धरलं तेव्हा ती वाळलेल्या कपड्यासारखी हलकी लागली. चाकाचा आवाज बारीक होत होत संपला, टायर रिमवर बसला, आणि शेडमध्ये काहीही हललं नाही. सुकन्याचे डोळे उघडे होते. ती त्याच्याकडं बघत होती आणि श्वास घेत नव्हती.

ईरम्मांनी हाका मारल्या, तिचे तळवे चोळले. बिरुदेवने तिला सतरंजीवर आडवं केलं. त्याचं डोकं चालत नव्हतं, हातांनाच काय ते आठवत होतं. वाड्यावर मेंढी व्यायली आणि कोकरू हालचाल करीना की त्याचा बाप कोकराचं तोंड पुसायचा आणि त्याच्या नाकात फुंकर घालायचा. बिरुदेवने बायकोच्या ओठांवर तोंड टेकवलं आणि छातीत होतं नव्हतं तेवढं सगळं तिच्यात भरलं. पुन्हा भरलं. ईरम्मा समोर आहेत याचं त्याला भान नव्हतं. तो भरत राहिला, डोळ्यांपुढं काळे ठिपके येईपर्यंत.

मग त्याच्या गालाला तिचा श्वास लागला. गरम होता. ती खोकली, त्याच्या शर्टाची कॉलर घट्ट धरली, आणि म्हणाली, "अहो, असं काय करताय. अव्वा हायत की हितं."

बिरुदेव तिच्या पोटावर डोकं टेकून रडला. ईरम्माही रडल्या.

८

सुकन्याला भिंतीला टेकवून बसवलं, ईरम्मा तिला पदराने वारा घालू लागल्या. बिरुदेवला ते चाक अजून एक क्षणही तसं ठेवायचं नव्हतं. त्याने लोखंडी पट्टी घालून टायर रिमवरून सोडवला. तो सहज निघाला. टायर बाजूला सरकला आणि इतकी वर्षं आत बंद असलेला रिमचा भाग उघडा पडला.

बाहेर सोलापूरचं ऊन पेटलं होतं, पण त्या धातूवर सगळीकडं धुकं धरलं होतं. थंडीत बसच्या बंद खिडकीच्या काचेवर माणसांच्या श्वासाने धरतं तसं, दाट आणि पांढरं. आणि व्हॉल्व्हच्या भोकाजवळ ते एका जागी पुसलेलं होतं. हाताच्या तळव्याएवढी ती जागा होती. काठाला चार बोटं ओढल्याच्या रेघा होत्या, त्यांच्यातून पाण्याचे थेंब नुकतेच ओघळत होते. आतल्या माणसाला बाहेरचं दिसावं म्हणून हाताने काच पुसावी, तशी.

बोल्ट अजून सगळे आवळलेले होते. सीलंटला कुठंही चीर नव्हती.

त्याने मागं पाहिलं तेव्हा सुकन्या उठून त्याच्या खांद्याशी येऊन उभी होती. तिनेही ते पाहिलं होतं. बिरुदेव तिला बाजूला करणार तोच तिने बफचं मऊ कापड उचललं आणि लेकराचं तोंड पुसतात तसं ते सगळं धुकं हलक्या हाताने पुसून काढलं. नंतर तिथं नुसता काळपट, कोरडा धातू होता. ईरम्मा उठून पाहायला आल्या नाहीत. त्या दाराकडं तोंड करून बसल्या होत्या.

बोल्ट त्याच दिवशी निघाले. नवं सीलंट, नवे बोल्ट, पाण्याच्या टाकीत बुडवून पाहणं, सगळं रीतसर झालं. एकही बुडबुडा आला नाही. चारही चाकं गाडीला चढली तेव्हा शेजारच्या शेडमधली माणसं माग सोडून बघायला आली. ईरम्मांनी गाडीचं छत मागं सरकवलं, चष्मा पुसला, आणि लाल गाडी सुरू केली. शेजारच्या सीटवर त्यांनी सुकन्याला बसवलं. बिरुदेव मोटारसायकलवर मागून गेला. होटगी रोडला लागल्यावर म्हातारीने असा वेग घेतला की त्याला गाठता येईना. पुढून त्याला दोघींच्या हसण्याचा आवाज ऐकू येत होता. परत येताना ईरम्मांनी गाडी थांबवून सुकन्याच्या गालावरून हात फिरवला. त्यानंतर त्या दर आठवड्याला गाडी काढतात. चाकांची तक्रार कधी आली नाही.

९

डाळिंबाची तोड चालू होती तेव्हा दोघं सांगोल्याला गेले. दुपारी जेवून घरचे सगळे बागेत पांगले आणि बिरुदेव व सुकन्या झाडांच्या सावलीत घोंगडं अंथरून पडले. लांब कुठंतरी मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. सुकन्याला लगेच डोळा लागला. तिची तब्येत चांगली होती. जिना आता ती त्याच्याआधी चढायची, कामावर गुणगुणायची, बोलायची. तो तिच्याकडं तोंड करून पडून राहिला. तिच्या केसांत डाळिंबाच्या फुलाची एक लाल पाकळी अडकली होती.

बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं की तो तिच्याबरोबरच श्वास घेतोय. तिची छाती वर जाते तेव्हा त्याची जाते. याचं त्याला हसू आलं. इतकी वर्षं एका पांघरुणात काढल्यावर असं होणारच. त्याने गंमत म्हणून लय मोडायचं ठरवलं. श्वास आत घेतला आणि तिथंच धरला.

सुकन्याची छाती वर गेलेली होती. ती खाली आली नाही.

घंटा वाजत होत्या. झाडाचं पान हलत नव्हतं. तिच्या गळ्यावरची शीर ताठ होऊ लागली, आणि झोपेतच तिचा हात घोंगड्यावरून सरकत त्याच्याकडं यायला लागला.

बिरुदेवने श्वास सोडला. तिनेही सोडला. तिचा हात त्याच्या छातीवर येऊन पडला आणि तिथंच राहिला. त्याने त्यावर आपला हात ठेवला आणि सावकाश, मोजून मापून, पुढचा श्वास घेतला. उन्हं उतरून मंडळी हाका मारत येईपर्यंत तो तसाच पडून होता, एकेक श्वास जपून घेत.